फोन कुणी केला

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. ज्या दोघींना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगणं सोपं आहे — तुमचा चेहरा माझ्यासमोर नाही. तेव्हा याला कुणी धाडस म्हणू नये. धाडस असतं तर हे तेव्हाच, त्याच खोलीत बोलून झालं असतं.

मी शिक्षिका होते. शिरपूरला बरीच वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. नोकरी सोडल्यावर बाल कल्याण समितीवर सदस्य म्हणून माझी नेमणूक झाली. धुळ्याची समिती की जळगावची, ते सांगत नाही. गावाचं नावही सांगत नाही. शिरपूर आणि चोपड्याच्या मधे, सातपुड्याच्या पायथ्याला असलेलं एक गाव — एवढं पुरे. मुलींची नावंही बदलली आहेत. नावं झाकण्याची एवढी काळजी मी आज घेते आहे, याचं पुढे तुम्हाला हसू येईल. येऊ द्या.

समिती म्हणजे काय, हे अनेकांना माहीत नसतं. लोक तिला 'मुलांचं कोर्ट' म्हणतात. खेड्यातून येणारे म्हणतात, 'पोरेसनं कोर्ट'. मुलाच्या हातून गुन्हा घडला असेल, तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे न्यायाधीश असतात. आणि ज्या मुलावरच काही बेतलंय — टाकून दिलेलं, हरवलेलं, कामाला जुंपलेलं, घरात मार खाणारं, शाळेच्या वयात बोहल्यावर उभं केलेलं — ते आमच्याकडे येतं. आम्ही पाच जण होतो. अध्यक्ष निवृत्त वकील. सगळे त्यांना आबासाहेब म्हणत. मुलांशी बोलायला एक समुपदेशक मुलगी होती. घरी जाऊन चौकशी करणारे एक परिविक्षा अधिकारी होते. पोलीस यायचे ते साध्या कपड्यांत. उंच खुर्च्या नाहीत, साक्षीदाराचा पिंजरा नाही, काळे डगले नाहीत. मूल आमच्यासमोर नाही, आमच्या शेजारी बसायचं. का? त्यानं घाबरू नये म्हणून. आणि सगळ्यांत मोठा नियम हा — मुलानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्या खोलीबाहेर जायची नाही.

हा नियम मी मोडला. पण थांबा — एवढंच असतं, तर कदाचित मी हे लिहायला बसलेही नसते. एखादं वाक्य तोंडातून निसटतं, माणूस आहे, असं म्हणून मी स्वतःला कधीच मोकळं करून घेतलं असतं. त्यात मी हुशार आहे.

मनीषा पंधरा वर्षांची होती. नववीची परीक्षा होऊन शाळेला सुट्टी लागली आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा सेंधव्याकडचा, तिच्याहून बराच मोठा, घरचा ट्रॅक्टर, नात्यातल्या नात्यातलं घर. घरच्यांना यात वावगं काही वाटत नव्हतं. पोरीला मारत नव्हते, उपाशी ठेवत नव्हते. त्यांच्या मते ते तिचं भलंच करत होते. मनीषाला मात्र दहावी करायची होती. तिनं घरात एकदा सांगून पाहिलं, आई म्हणाली सासरी जाऊन शिक. मग तिनं सांगणं सोडलं.

हळदीच्या आदल्या दिवशी मेंदी काढायच्या निमित्तानं ती वैशालीकडे गेली. वैशाली तिची मैत्रीण, बालवाडीपासून एका बाकावर बसणारी. वैशालीच्या आईचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. वैशाली दारात उभी राहून कुणी येतंय का बघत होती आणि मनीषा आतल्या खोलीत धान्याच्या कोठ्यांमागे बसून मुलांच्या हेल्पलाइनशी बोलत होती. दोघींच्या हातांवर मेंदी ओली होती, म्हणून नंबर नाकानं दाबला — हे मला मनीषानंच सांगितलं. सांगताना थोडी हसली होती.

दुसऱ्या दिवशी हळदीच्या मांडवात ग्रामसेवक, दोन पोलीस आणि गावच्या अंगणवाडी सेविका येऊन उभे राहिले. बालविवाह थांबवणं हे कायद्यानं ग्रामसेवकाचं काम असतं. त्या बिचाऱ्याला ते कधी करावं लागेल असं वाटलं नसावं. आरडाओरडा झाला, लग्न थांबलं आणि मनीषाला आमच्यापुढे आणलं. तेव्हा तिच्या मानेला अजून हळद होती.

समुपदेशक मुलगी आणि मी, आम्ही दोघी तिला वेगळं घेऊन बसलो. तिनं सगळं सांगितलं. फोनचं, वैशालीचं, मेंदीचं. मग एकच विचारलं.

"मॅडम, फोन मी केला हे घरी कळणार नाही ना?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इथून बाहेर जाणार नाही. माझा शब्द."

माझा शब्द. हे कुणी मला म्हणायला लावलं नव्हतं. नियम आहे, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

अशा प्रकरणात पुढे काय होतं ते सांगते, म्हणजे मी काय बिघडवलं ते कळेल. मुलीला थोडे दिवस बालगृहात ठेवतात. परिविक्षा अधिकारी घरी जातात, शेजारीपाजारी, शाळा, सगळीकडे विचारपूस करतात. आई-बापांना बोलावून समजावतात. अठराच्या आत लग्न करणार नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतात आणि घर सुरक्षित असेल तर मुलीला घरी पाठवतात. मग अधूनमधून कुणीतरी जाऊन बघून येतं. घर हेच मुलाचं पहिलं ठिकाण, बालगृह शेवटचं — आबासाहेब हे पुन्हा पुन्हा सांगायचे. मनीषाचं सगळं याच वाटेनं चाललं होतं. परिविक्षा अधिकारी गावात जाऊन आले होते. वडील चिडलेले होते, पण वळत होते. पुढच्या बैठकीला ती घरी जायची होती.

तिचे वडील, रवींद्र, माझे विद्यार्थी. म्हणजे माझाच विद्यार्थी — वर्गात मी त्याला 'अरे-तुरे'च करायची. शिरपूरला वसतिगृहात राहून शिकला. अक्षर सुंदर, पाठांतर चांगलं, मागच्या बाकावरून कधी आवाज नाही. समितीपुढे मला बघितल्यावर तो उठून उभा राहिला होता आणि सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला होता. मला ते आवडलं होतं. नको होतं आवडायला. खरं तर तेव्हाच मी आबासाहेबांना सांगायला हवं होतं, की हा माझ्या ओळखीचा आहे, या प्रकरणात मी बसत नाही. तसं सांगता येतं. पण मला वाटलं, माझं तो ऐकेल. वाटलं — की मिरवायचं होतं?

आता त्या दुपारकडे येते. तिच्याभोवतीच फिरते आहे केव्हाची.

जेवणाची सुट्टी होती. मी व्हरांड्यात डबा उघडून बसले होते. रवींद्र आला, थोडा लांब उभा राहिला. म्हणाला, "बाई, तुम्ही सांगाल तसं लिहून देतो. अठरा वर्षं थांबतो. पण एक सांगा, हा फोन कोणी केला? माझा चुलतभाऊच शे ना?"

मी म्हटलं, ते आम्ही सांगत नसतो. इथपर्यंत ठीक होतं. तिथेच डबा झाकून मी आत जायला हवं होतं.

पण तो बोलत राहिला. आवाज चढवून नाही, अगदी नम्रपणे. म्हणाला, बांधावरून भाऊबंदकी आहे, त्यातून कुणीतरी डाव साधला. तुमच्यासारखी शिकलेली माणसं अशा लोकांच्या फोनवर आमच्या मांडवात पोलीस पाठवतात, आमची अब्रू जाते. "मन्ही पोर राजी होती, बाई. तुमच्या धाकानं काय बोलली असेल ते असेल. घरात तिनं कधी नको म्हटलं नाही. तिला काही कळत नाही, तुमी तिच्या डोक्यात भरवलं."

मला राग आला. त्याच्या मुलीची दया येऊन नव्हे. तसं स्वतःला सांगायची माझी सवय आहे, पण ते खरं नाही. माझाच विद्यार्थी मला चुकीचं ठरवत होता आणि माझ्याकडे एक असं उत्तर होतं, की त्यापुढे तो गप्प होणार होता. मला जिंकायचं होतं. एवढंच.

मी म्हणाले, "तुझ्या दुश्मनानं नाही केला फोन, रवींद्र. ज्या पोरीला तू राजी म्हणतोस ना, तिनंच केला."

तो गप्प झाला. मला हवं होतं तसाच. "बरं बाई" म्हणून पायऱ्या उतरून गेला. आणि — हेही लिहायलाच हवं — मला क्षणभर बरं वाटलं. मी डबा संपवला. काय करून बसले ते संध्याकाळी कळलं, घरी गेल्यावर.

पुढच्या बैठकीला आई-वडील दोघं आले. आईनं त्याआधी तोंड उघडलं नव्हतं. पदर ओढून कोपऱ्यात बसायची. आबासाहेबांनी हमीपत्राचं बोलणं काढलं, तशी ती उभी राहिली. "माले ती घरमा नको," ती म्हणाली. "जी पोर बापना दारमा पोलीस आनस, ती मन्ही पोर नही." मनीषा तिथेच होती, समुपदेशक मुलीच्या शेजारी. सकाळपासून तिची पिशवी भरून तयार होती. तिनं आधी आईकडे बघितलं, मग आमच्या पाचही जणांकडे एकेक करून. माझ्यावर तिची नजर आली, थांबली नाही, पुढे गेली. का थांबेल? मी तर शब्द दिला होता.

आबासाहेबांनी रवींद्रला सरळ विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो खाली बघत होता. त्यानं मान वर केली, एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गावात कळलं, साहेब."

त्यानं मला वाचवलं. मी त्याची पोर उघडी पाडली आणि त्यानं मला झाकलं. मी त्याची बाई होते ना! तेव्हा मी उठून 'नाही साहेब, मी सांगितलं' असं म्हणू शकले असते. काय झालं असतं? आबासाहेब चिडले असते. वर कळवलं असतं. माझं सदस्यत्व गेलं असतं, गावात बोभाटा झाला असता. मनीषाला मात्र कळलं असतं, की खोटं कोण आहे. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासावरचं झाकण नीट बसवत राहिले.

त्या दिवशी ती घरी गेली नाही. आम्ही आईची बरीच मनधरणी केली, तिनं ऐकलं नाही. नात्यातले लोक रागात होते. तिथे पाठवणं धोक्याचं होतं. शेवटी तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलींच्या बालगृहात पाठवायचा आदेश झाला. त्यावर माझीही सही आहे.

एवढंही मी कदाचित पचवलं असतं. पण खरी गोष्ट यानंतरची आहे.

गाडी यायला वेळ होता. समुपदेशक मुलगी कागद आणायला गेली आणि खोलीत मनीषा आणि मी दोघीच उरलो. ती रडत नव्हती. पिशवीची गाठ सोडत होती, परत मारत होती. मग म्हणाली, "मॅडम, गावात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. वैशालीलाच माहीत होतं. तिनंच सांगितलं ना?"

मी 'माहीत नाही' म्हणू शकले असते. गप्प बसू शकले असते. विषय बदलू शकले असते — शाळेत इतकी वर्षं काढलेल्या बाईला ते जमत नाही का? यांतलं काहीही केलं असतं तरी ते भित्रेपणच होतं, पण कमी.

मी म्हणाले, "हो, तिनंच सांगितलं असणार. मुली ठेवत नाहीत पोटात."

असं म्हणाले. हेच ते. व्हरांड्यातलं वाक्य रागात गेलं, हे मी शांतपणे बोलले. शेजारी बसून, तिच्या पाठीवर हात ठेवून. पंधरा वर्षांच्या मुलीचं त्या दिवशी घर गेलं होतं. एक मैत्रीण राहिली होती, ती मी काढून घेतली. कशासाठी? ती आणखी विचार करत बसली असती तर कधीतरी माझ्यापर्यंत पोचली असती, म्हणून.

मनीषानं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. बालगृहात तिला भेटायला तिची मावशी गेली. मनीषानं तिला सांगितलं की फोन वैशालीच्या घरून केला होता, आणि वैशालीनंच मग गावभर केलं. पोर रागात होती, तिला कुणावर तरी राग काढायचा होता. मीच तिला ते नाव दिलं होतं. मावशीनं ते गावात नेलं. मनीषाचे काका वैशालीच्या दारात जाऊन उभे राहिले. तुमच्या घरातून आमच्या घरावर पोलीस आले, तुमची पोर आमच्या पोरीला बिघडवते, असं बरंच. वैशाली रडून सांगत होती म्हणे, की मी कुणाला काही बोलले नाही. कोण ऐकणार? तिच्या आईचा मोबाइल वडिलांनी आपटून फोडला. जूनमध्ये शाळा उघडली, दहावीच्या त्या बाकावर दोघींतली एकही नव्हती. मनीषा दुसऱ्या जिल्ह्यात होती, आणि वैशालीची शाळा बंद केली होती.

मी मात्र शाळाशाळांतून भाषणं देत होते. बालहक्क, बालविवाह, हेल्पलाइन. मुलांनो, निर्धास्तपणे फोन करा, तुमचं नाव कुठेही बाहेर येत नाही — हे वाक्य मी हात उंचावून म्हणायची. मुलं टाळ्या वाजवायची.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात अशाच एका कार्यक्रमानंतर त्या गावच्या अंगणवाडी सेविका मला भेटल्या. मांडवात आल्या होत्या त्याच. चहा घेता घेता म्हणाल्या, "वैशालीनं लगीन व्हई गयं, बाई. उन्हायामा." उन्हाळ्यात — मी हिशेब केला. सोळा. मी विचारलं, कुणी फोन केला नाही? त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "कोन करी, बाई? नाव बाहेर येस ना." मग कपाकडे बघत म्हणाल्या, "माले बी त्याच गावमा ऱ्हानं शे."

मी चहा संपवला.

आणि तरीही करण्यासारखं होतं. वैशाली अजून अल्पवयीन होती. समितीला कुणाच्या तक्रारीची वाट बघावी लागत नाही. नुसतं कानावर आलं तरी दखल घेता येते. मी सदस्य होते. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांना एवढंच म्हणायचं होतं, की अमुक गावात एका मुलीचं लग्न झालंय, चौकशी लावू. परिविक्षा अधिकारी गेले असते, तिला आणलं असतं, समुपदेशक मुलगी तिच्याशी बोलली असती. कदाचित ती शिकली असती. आम्ही याच्याहून अवघड प्रकरणं सोडवलेली होती.

पण तिला आणलं असतं, तर ती बोलली असती. मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं, असं ती त्याच खोलीत पुन्हा एकदा म्हणाली असती, आणि आबासाहेब ऐकणारे होते. त्यांनी विचारलं असतं, मग कुणी सांगितलं? रवींद्रला परत बोलावलं असतं.

मी आबासाहेबांना काही बोलले नाही. तिथे बसून रोज आम्ही मुलांचं हित कशात आहे ते ठरवायचो. आदेशात ते शब्दच असतात. त्या दिवशी मी माझं हित ठरवलं. एक मूल माझ्याकडून रागाच्या भरात दुखावलं गेलं, असं म्हणता येईल एखाद वेळी. दुसरं मी जाणूनबुजून बुडू दिलं.

माझी मुदत संपली, मी समितीतून मोकळी झाले. निरोपाच्या कार्यक्रमात आबासाहेब म्हणाले, मॅडमचं मुलांशी फार पटकन जुळायचं. आता मी जळगावला मुलाकडे असते, मेहरूण तलावाच्या बाजूला. सकाळी तलावाकडे फिरायला जाते. ओळखीचे लोक भेटतात, अजूनही कुणी कुणी मुलांबद्दल सल्ला विचारतात. मी सल्ला देते.

मनीषाचं चांगलं झालं. हे मी स्वतःच्या समाधानासाठी सांगत नाही. तिचं श्रेय तिचं आणि त्या बालगृहातल्या बायांचं आहे. ती दहावी झाली, बारावी झाली, पुढे रक्त-लघवी तपासणीचा कोर्स केला. एरंडोलला एका लॅबमध्ये नोकरी करते, तिथेच खोली घेऊन राहते. आई आता फोनवर बोलते. वडील एकदा पोतंभर ज्वारी घेऊन येऊन गेले. व्हरांड्यात मी काय बोलले, ते त्यांनी तिला अजूनही सांगितलेलं नाही. का, ते मी विचारलेलं नाही; त्यांच्यासमोर जायची माझी हिंमत नाही.

ती मला भेटायला येते. 'मॅडम, तुम्ही होतात म्हणून' — असं म्हणते. मी तिला थांबवत नाही.

मागच्या दिवाळीत आली होती. सून माहेरी गेली होती, मुलगा कामावर. घरी आम्ही दोघीच. तिनं स्वतः केलेला चिवडा आणला होता. तिखट जरा जास्त झालं म्हणून हसली. मग चहा पिता पिता म्हणाली, शिरपूरच्या स्टँडवर वैशाली दिसली. कडेवर एक लेकरू, एक बोट धरून. खूप वाळली आहे. तिनं आधी मनीषाला ओळखलं. नाव घेऊन हाक मारली, पुन्हा मारली, लेकराला ओढत गर्दीतून यायला लागली.

"मी गाडीत चढले, मॅडम. जागा मिळाली खिडकीशी, तरी बाहेर बघितलं नाही. ती काचेवर हात मारत होती. काहीतरी सांगत होती." तिनं कप खाली ठेवला. "घरी आल्यावर मला झोप नाही लागली. वाटलं, उतरायला हवं होतं का? लहान होतो तेव्हा आम्ही. पण मग आठवतं, तिच्यामुळे माझं घर गेलं. मी बरोबर केलं ना?"

तिनं मला मनापासून विचारलं होतं. तिला उतरायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्या एका वाक्याचाच अवकाश होता. ते वाक्य जिभेवर आलंही होतं.

तेव्हा मी कुठल्याही पदावर नव्हते. आबासाहेब वारले होते. माझं काही जाण्यासारखं नव्हतं. गेलं असतं ते एवढंच, की मनीषा पुन्हा आली नसती.

मी म्हणाले, "बरोबर केलंस."